तुणतुणं

औंदाच्या जयंतीच्या मीटिंगला एक पोरगा उठून उभा राहिला. कॉलेजात शिकणारा, डोक्यानं तेज, बोलायला फटकळ. मी एवढंच म्हणालो होतो की मिरवणुकीत डीजे लागणार तर लागू द्या, पण रात्री तासभर आपलं जुनं गाणं ठेवू, तुणतुण्यावर. पोरगा म्हणाला, "काका, राग मानू नका. पण हलगी, तुणतुणं ही गुलामीची वाद्यं आहेत. गावानं आपल्या हातात दिलेली. जनावराचं कातडं ते. बापजाद्यांनी फेकून दिलं आणि तुम्ही परत काढून आणता?"

मीटिंगमधे मी गप्प बसलो. पोरं हसली. त्यांना वाटलं म्हातारा गार झाला. पण मी दुसऱ्याच कारणानं गप्प होतो. हाच सवाल माझ्या बापानं मला १९७७ साली केला होता, जवळजवळ ह्याच शब्दांत. तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं. हातात फक्त एक फुटका डबा होता.

दोस्तांनो, आता उत्तर देतो. जरा लांबचं आहे. ऐकून घ्या.

आमचं गाव कयाधूच्या काठाला. आज त्याला हिंगोली जिल्हा म्हणतात. १ मे १९९९ च्या आधी सगळं परभणीतच होतं. त्याच्याही आधी निजामाचं राज, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. राज्य गेलं, जिल्हा बदलला, महारवाडा मात्र होता तिथंच राहिला. गावाच्या खालच्या अंगाला. गावचं सगळं सांडपाणी यायचं तिथं.

माझा आजा तुणतुणं वाजवायचा. मी त्याला पाह्यलं नाही. आजी सांगायची ते सांगतो. जत्रेच्या दिवसांत तो तमाशाच्या फडामागं जायचा, ढोलकीवाल्याच्या बाजूला उभा राहून एकच तार छेडत राहायचा. बाकीचं वर्षभर गावचं बलुतं. मोठ्या वाड्यात लग्न असो, बारसं असो, पोळा असो, निरोप आला की जायचं. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहायचं आणि वाजवायचं. सूर आत जायचा, आजा बाहेर. मिळायचं काय? कालच्या भाकरी आणि उष्टं कोरड्यास. ते आणायला आजी जायची, पदर पसरून.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी दीक्षा दिली. आमच्या गावापर्यंत ते वारं यायला वरीस लागलं. मग एक दिवस सगळ्या वाड्यानं घरातले देव काढले. टाक, मूर्ती, मरीआईचा पाट, सगळं टोपल्यांत भरलं आणि कयाधूत नेऊन बुडवलं. माझा बा तेव्हा विशीतला. त्यानं देवांच्या टोपल्यात आज्याचं तुणतुणंही घातलं. आजा काही बोलला नाही. त्या दिवशी जेवला नाही, एवढंच आजी सांगायची.

म्हणजे ज्याला तो पोरगा बापजाद्यांनी फेकलं म्हणतो, ते खरोखर माझ्याच बापानं फेकलेलं होतं.

आता माझी गोष्ट. मी सात-आठ वर्षांचा असेन. आमच्या गावची दिंडी नरसीला जायची. नरसी म्हणजे संत नामदेवांचं गाव, आपल्याच जिल्ह्यात. दिंडी निघायच्या आधी वीणा पारावर पाटावर ठेवलेली होती. माणसं चहाला गेलेली. मी बकरी शोधत तिकडनं चाललो होतो. थांबलो. इकडं तिकडं पाह्यलं आणि तारेला एक बोट लावलं. टुंग!

तो आवाज अजून माझ्या बोटात आहे. पण त्याच्या मागनं आलेला टाळही अजून डोक्यात आहे. एका टाळकऱ्यानं टाळच घातला डोक्यात. वीणा धुतली. बाला बोलावून पारासमोर उभं केलं. पोरगं लहान आहे, एवढं म्हणाला असता तरी सुटला असता. बा एक शब्द बोलला नाही. खाली मान घालून ऐकत राह्यला. घरी आल्यावर मला मारलंही नाही. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

औंढ्याच्या देवळाची कथा सगळ्यांना माहीत आहे. नामदेव शिंपी जातीचे म्हणून त्यांना पुढून हाकललं, ते मागं जाऊन कीर्तन करायला लागले, तर आख्खं देऊळ त्यांच्याकडं तोंड करून फिरलं म्हणतात. देऊळ फिरलं असेल नसेल. आमचं गाव काही फिरलं नाही. ज्या दिंडीत चोखोबांचे अभंग गायचे, त्याच दिंडीची वीणा चोखोबाच्या पोरानं शिवली म्हणून धुवायची. हे भजन मला कधी समजलंच नाही.

पण तार डोक्यात बसली ती बसलीच.

१९७७ साली मी नववीत होतो. जयंती जवळ आली होती. माझ्या चुलत्याचा गळा गोड. वामनदादा कर्डकांची गाणी आमच्याकडं तोंडातोंडी यायची. कुणी नांदेडला ऐकून आला, कुणी परभणीला, कुणी चार आण्याचं चोपडं आणलं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मोठेपणी मुंबईत अक्षरं शिकला आणि गावोगाव गात फिरला. चुलता गायचा तेव्हा आम्ही टाळ्या वाजवायचो, पितळी बडवायचो. पण सूर धरायला काहीच नव्हतं. चुलता सुरू करायचा एका जागी आणि कडवं संपेपर्यंत तिसऱ्याच जागी पोचायचा. तो म्हणाला, "एक तार असती तर बरं झालं असतं रं." एवढंच. मी उठलोच.

तुणतुण्याला काय लागतं? एक पोकळ भांडं, त्याच्या तळाला कातडं, बाजूला दांडी, वर खुंटी, आणि कातड्यापासून खुंटीपर्यंत एक तार. बस्स. गोंधळ्याकडं मी ते दुरून पाह्यलेलं होतं.

भांडं पाहिजे लाकडाचं. सुताराकडं गेलो. तो म्हणाला, "तुला कशाला पायजे रं? शाळा शिकायलास न्हवं?" हसून परत पाठवलं. मग घरातला डालडाचा डबा घेतला. पिवळा, त्यावर हिरवं झाड. डालडा आम्ही कधी खाल्ला नव्हता. कुणाच्या तरी लग्नातला रिकामा डबा माय मागून आणायची, आणि त्याचा उपयोग काय ते तुम्हाला माहीत आहे. मी छिन्नीनं त्याचा तळ काढला तशी माय बोंबलत आली. "आरं, परसाकडला जायचा डबा व्हता तेवढा! आता काय वंजळीनं पानी नेवू?" आठ दिवस घरच्यांनी गडवा वापरला आणि मला शिव्या दिल्या.

दांडी वेळूची. दोन-अडीच फूट. पहिली दांडी खुंटीच्या भोकापाशी उभी फुटली. मग कळलं की भोक पेऱ्याच्या गाठीजवळ पाडायचं, आणि खिळा ठोकून नाही, तापलेल्या सळईनं जाळून. खुंटी बाभळीची, विळ्यानं तासलेली, एका टोकाला किंचित निमुळती. ती घसरायची. शाळेतला खडू चोळला तेव्हा धरून राह्यली. तार आणली सायकलच्या दुकानातनं. ब्रेकची तुटलेली तार फुकट मिळाली. तिचे पीळ उलगडले की आत बारीक पोलादी बटा निघतात. त्यातली एक सरळ करून घेतली.

राह्यलं कातडं. इथं खरी गाठ होती.

बाजारच्या दिवशी खाटकाकडनं बकऱ्याच्या कातड्याचा तुकडा आणला. चुन्याच्या पाण्यात घालून घरामागं खापराखाली झाकून ठेवला. चार दिवसांनी केस सुटले. पण वास कुठं लपतो? बा संध्याकाळी कामावरनं आला, दारात थांबला. घरामागं गेला. खापर उचललं. परत आला तेव्हा त्याचं तोंड काळं पडलं होतं.

"कातडं आनलंस घरात?"

मी सांगितलं, तुणतुणं करायलोय.

"आरं, ह्याच्यापायीच तर सोडलं की सगळं! बाबासाहेबानं सांगितलं, मेलेलं ढोर वढू नका, त्याचं मास खाऊ नका. आमी सोडलं. गावानं बाजार बंद केला, तरी सोडलं. तुझ्या आज्याचं तुनतुनं म्या ह्या हातानं नदीत टाकलं. आन् तू साळा शिकून परत कातड्याला हात लावायलास?"

बाचं चुकत नव्हतं. मार्च १९२७ मधे महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी तेच सांगितलं होतं. त्या एका गोष्टीसाठी आमच्या लोकांनी गावोगाव मार खाल्ला. कातडं म्हणजे त्याच्यासाठी कातडं नव्हतंच. ओढत नेलेली ढोरं होती, त्याच्या बापाचा वाकलेला पाठकणा होता. मला काही बोलता येईना. रडू यायला लागलं.

चुलीपुढनं माय म्हणाली, "ढोर सोडलं ते बेस केलं. पन रैवारी बकऱ्याचं मटन आनता ते? मटन चालतंय, कातडं चालत न्हाई व्हय? आन् हे काय गावानं फुकट वढायला लावलंय का? पोरानं पैसे मोजून आनलंय."

बा काही बोलला नाही. भिंतीकडं तोंड करून बाजंवर पडला.

मी कातडं घेऊन अंगणात बसलो. वाळवून कडक केलेलं. ते डब्याच्या तोंडावर ठेवलं आणि सुतळीनं आवळायला लागलो. ढिलं राह्यलं. सोडलं, परत आवळलं. परत ढिलं. तिसऱ्यांदा जोर लावला तर पत्र्याच्या काठानं कातडं कापलं, सुरीनं कापावं तसं. अर्धा तुकडा वाया गेला. उरलेला घेतला. हात थरथरायला लागले.

तेव्हा बाजंवरनं आवाज आला. बा अजून भिंतीकडंच तोंड करून होता.

"कोरडं कातडं कोन ताणतं रं? रातभर पान्यात घाल. वलं असतानी बांध. वाळलं की आपल्या आपून आवळतंय."

मी गप्पच. थोड्या वेळानं परत,

"पत्र्याचा काठ भायेर उलटून घे ठोकून. धार राह्यली तर कापनारच. आन् नुसती सुतळी नगं. निरगुडीच्या वल्या फोकाचं कडं कर, त्या कड्यात कातडं गुंडाळ, मंग वढ. सावलीत वाळव. उन्हात तडकंल."

वीस वर्षं ज्या गोष्टीला हात लावला नव्हता ती त्याच्या हाताला पाठ होती. आज्याबरोबर बसून लहानपणी केलेली असणार. मी दुसऱ्या दिवशी तसं केलं. कातडं सावलीत वाळलं आणि त्याच्यावर टिचकी मारली तर डबा बोलला.

शेवटची अडचण तारेची. तार कातड्याच्या मधोमध भोकातनं खाली काढायची आणि तिथं अडकवायची, म्हणजे वरनं ओढली तरी सुटणार नाही. सदऱ्याचं बटण लावलं तर फुटलं. आजीनं कमरेची पिशवी सोडली आणि एक पैसा दिला. निजामाच्या राज्यातला, मधे भोक असलेला, तांबूस. म्हणाली, "चालत तर न्हाई कुठंच. तुला चालंल." तार त्या भोकातनं घेऊन पैशाच्या काठाला पीळ देऊन बांधली. बरोबर बसला.

खुंटी पिळली. तार ताठ झाली. बाभळीच्या चिपेनं छेडली.

टुंग!

पारावरच्या वीणेसारखा नाही. जरा कर्कश, पत्र्याचा. पण माझा.

पुढं सायन्सच्या पुस्तकात ह्याचं कारण वाचलं. नुसती तार हवा हलवत नाही, फार बारीक असते. ती कातड्याला ओढते, कातडं हवा हलवतं. तारेची लांबी निम्मी केली तर सूर दुप्पट चढतो. ताण वाढवून तेवढाच चढवायचा तर ताण चौपट लागतो. म्हणून खुंटी थोडीथोडी पिळायची, नाहीतर तार तुटते. पावसाळ्यात कातडं ओल धरतं आणि सूर उतरतो, म्हणून विस्तवापाशी शेकायचं. हे सगळं माझ्या आज्याला येत होतं. त्याला कुणी कधी शाळेत बसू दिलं नाही, एवढाच फरक.

१४ एप्रिल १९७७. गॅसबत्तीच्या उजेडात चुलता गायला उभा राह्यला. मी बाजूला उभा राहून तार छेडत राह्यलो. तुणतुण्याला एकच सूर असतो. त्याचं काम एवढंच, गाणारा भटकला की त्याला परत जागेवर आणायचं. त्या रात्री चुलता भटकला नाही. बा लोकांच्या मागं अंधारात बसला होता. शेवटपर्यंत बसला होता, हे मायनं सांगितलं.

खरी परीक्षा पुढं झाली. मे महिन्यात मोठ्या वाड्यात लग्न निघालं. बा त्याच घरचा सालगडी. निरोप आला, "तुझं पोरगं झकास वाजवतंय म्हनं. लग्नाला धाडून दे. पायली दोन पायली जवारी दिऊ."

बाचं तोंड मला आठवतं. त्यानं विचार करायला वेळ घेतला नाही. म्हणाला, "मालक, पोरगं वाजवतंय ते जयंतीपुरतं. तुमच्या उंबऱ्याला त्याचा आजा लई उभा राह्यला. आता बस झालं."

साल मधेच तुटलं. घेतलेली उचल फेडायची राह्यली. बा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेला. वर्षभर मिलोची नाही तर आंबाडीची भाजी. हे सगळं त्या डालडाच्या डब्यापायी झालं. मी एकदा म्हणालो, बा, मोडून टाकू का? त्यानं माझ्याकडं पाह्यलं आणि म्हणाला, "मोडायचं आसतं तर कातडं वलं कर कामून सांगितलं आसतं?"

पुढं कळलं की हे आमच्याच घरात घडलं असं नाही. भीमराव कर्डकांसारख्या माणसांनी १९३० च्या आसपास आंबेडकरी जलसे उभे केले. त्यांच्या आधी सत्यशोधकांचे जलसे होते. साचा तमाशाचाच. ज्या कलेनं आपल्या लोकांना दुसऱ्यांपुढं नाचायला लावलं, तिचाच साचा घेतला आणि आतला ऐवज बदलला. तिथं पाणवठ्याची गोष्ट आली, पोरांच्या शाळेची आली, मेलेलं ढोर न ओढण्याची आली. म्हणजे ज्या कातड्याला सोडा म्हणून सांगायचं, ते कातड्याच्याच वाद्यावर सांगितलं. ती माणसं अडाणी नव्हती. काय सोडायचं आणि काय ठेवायचं हे त्यांना कळत होतं.

ते पहिलं तुणतुणं आता नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारले गेले. आमच्या गावात पिठाची गिरणी बंद, दुकान बंद, हिरीचं पाणी बंद. तीन रात्री आम्ही पावसात कयाधूच्या काठाला बाभळीत काढल्या. परत आलो तर चार घरांची छपरं जळालेली, त्यात आमचंही. डबा चपटा करून टाकलेला. दांडीचा कोळसा. कातड्याचा मागमूस नाही. राख उकरली तर आजीचा पैसा सापडला, काळा पडलेला.

बानं तो हातात घेतला, धोतराला पुसला. म्हणाला, "हे हाय न्हवं? मंग झालं." छप्पर शाकारून झाल्यावर तो स्वतः बाजारात गेला, कातडं घेऊन आला, आणि माझ्यासमोर अंगणात बसून त्यानं स्वतःच्या हातानं ते ताणलं.

भिंतीवर टांगलंय ते हे दुसरं. नामांतराच्या मोर्च्यांत, सभांत ते माझ्या खांद्याला होतं. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं. साडेपंधरा वर्षं लागली. तोवर तीन वेळा कातडं बदललं. पैसा तोच आहे.

तर पोरा, तुझ्या सवालाचं माझं उत्तर असं. तू म्हणतोस ते खरं आहे. हे गुलामीचं वाद्य होतं. बानं नदीत टाकलं ते बरोबरच केलं. ते टाकल्याशिवाय मला नवीन करताच आलं नसतं. पण मी केलं ते आज्याचं नव्हतं. ते कुणी हुकूम सोडला म्हणून वाजलं नाही. वाजवायला बोलावलं तेव्हा आम्ही नाही म्हणालो, आणि त्या नाहीची किंमत खडी फोडून दिली. गुलामी कातड्यात नव्हती. उंबऱ्यात होती. आता तुझ्या डीजेचंही तेवढं तपासून घे. त्याचे पैसे कुणी दिले, आणि त्याच्यापुढं आपली पोरं कुणाच्या बॅनरखाली नाचतात? आपल्या वर्गणीतनं आला असेल तर खुशाल वाजव. माझं काही म्हणणं नाही.

त्या मीटिंगनंतरच्या रविवारी पोरगा घरी आला. हातात रंगाचा रिकामा डबा. म्हणाला, "काका, दाखवा तरी कसं करतात." बसलो. घाई फार त्याला. कातडं अर्धवट ओलं असतानाच ओढलं आणि काठावर टरकन फाटलं. तोंड एवढंसं झालं त्याचं. मी म्हणालो, माझं पण फाटलं होतं. पुढच्या रविवारी ये. कातडं मात्र आदल्या रात्रीच पाण्यात घालून ठेव, आणि काठ आधी उलटून आण.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या. डबा आपापला आणायचा.

जयभीम.